नियंत्रण मनोरा नसलेले विमानतळ आणि विमानांची टक्कर

ज्या विमानतळावर विमानांना उतरण्याची किंवा उड्डाण करण्याची अनुमती देणारा वाहतूक नियंत्रक नसतो, त्यास मनोराविरहित किंवा अनियंत्रित विमानतळ असे म्हणतात. ‘अनियंत्रित’ या शब्दावरून तेथे बेशिस्त असते असा समज होण्याचा संभव आहे. परंतु तो बरोबर नाही. अशा विमानतळावरही नियम असतातच. फरक एवढाच, की ते पाळले जात आहेत किंवा नाहीत हे पाहणारा तिसरा माणूस तेथे नसतो. विमाने परस्परांवर आदळू नयेत याची संपूर्ण जबाबदारी त्या त्या वेळी तेथे उडत असलेल्या वैमानिकांवर असते आणि ती त्यांना एकमेकांना पाहून, ऐकून व ठरलेल्या मार्गाने जाऊन पार पाडावी लागते. जगातील बहुसंख्य विमानतळ याच प्रकारचे आहेत. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ असून त्यांपैकी मनोरा असलेले पाचशेच्या आसपासच आहेत.

दक्षिण महाराष्ट्रातील या प्रकारचे ठळक उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातील कराड येथील विमानतळ होय. कोयना जलविद्युत् प्रकल्पाच्या बांधकामास साहाय्यभूत व्हावा म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्याने तो १९५५ मध्ये बांधला. त्याची धावपट्टी सुमारे १,२८० मी. लांब व ३० मी. रुंद असून तिची दिशा साधारणतः पूर्व-पश्चिम आहे. धरणाचे काम संपल्यावर त्याचा मूळ हेतू उरला नाही. पण मंत्री, उद्योजक व अधिकारी यांची छोटी विमाने तेथे उतरत राहिली आणि अलीकडच्या काळात तेथे उड्डाण-प्रशिक्षणही झाले आहे. सांगलीजवळ कवलापूर येथेही एक धावपट्टी होती. आता तिच्यावर नियमित उड्डाणे होत नाहीत आणि तेथे विमानतळ व्हावा ही सांगलीकरांची जुनी मागणी आहे. कराडपासून कवलापूर सरळ रेषेत सुमारे ६० किमी. व कोल्हापूरचा विमानतळ सुमारे ७० किमी. आहे. छोट्या विमानाला हे अंतर काटण्यास अर्धा तासही लागत नाही. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात आकाश मोकळे दिसते, विमाने थोडी असतात, आणि म्हणूनच टक्कर ही गोष्ट येथे कोणाच्या ध्यानीमनी नसते. या विषयातील खरा धोका येथूनच सुरू होतो.

इतिहास : विमानोड्डाणाच्या प्रारंभीच्या काळात सर्वच विमानतळ मनोराविरहित होते. धावपट्टी अशी नसेच; गवताचे मोठे मैदान असे व वैमानिक वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने कोठेही उतरे. हवेतील टकरीची पहिली नोंद ३ ऑक्टोबर १९१० रोजी मिलान येथील उड्डाण-मेळाव्यात झाली. रने तोमा या फ्रेंच वैमानिकाचे एकपंखी विमान कॅप्टन बर्ट्रम डिक्सन या ब्रिटिश वैमानिकाच्या द्विपंखी विमानावर वरून आदळले. दोघेही बचावले, पण डिक्सन यांना गंभीर दुखापत झाली. वरच्या विमानाला खालचे दिसले नाही, हे त्या अपघाताचे मर्म. आणि पुढील शंभर वर्षांतील अशा कित्येक अपघातांच्या चौकशीत तेच वाक्य पुन्हापुन्हा आलेले आढळते.

पहिल्या महायुद्धानंतर १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात आकाशातील वाहतुकीचे नियम ग्रथित करण्यात आले. ते बव्हंशी नौकानयनाच्या नियमांवर बेतलेले होते. समोरासमोर आलेल्या दोन विमानांनी आपापल्या उजवीकडे वळावे, एकमेकांचे मार्ग छेदणार असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे त्याने वाट द्यावी, हे संकेत जहाजांचेच होत. विमानाच्या डाव्या टोकाला तांबडा व उजव्या टोकाला हिरवा दिवा असतो तोही जहाजांवरूनच आला. नियम झाले, तरी ते अंगवळणी पडण्यास एक मोठा अपघात घडावा लागला. ७ एप्रिल १९२२ रोजी फ्रान्सच्या पिकार्डी भागात लंडनकडून पॅरिसकडे जाणारे टपालाचे विमान आणि पॅरिसकडून लंडनकडे येणारे प्रवासी विमान समोरासमोर धडकले व दोहोंतील सातही जण मृत्युमुखी पडले. हवा धूसर होती आणि दोघेही वैमानिक वाट चुकू नये म्हणून खालच्या एकाच रस्त्यावर नजर ठेवून कमी उंचीवरून उडत होते. रस्त्यावरील दोन गाड्या बाजूबाजूने जातात. रस्त्याच्या वरून उडणारी दोन विमाने मात्र त्याच्या अगदी माथ्यावरून जातात. या घटनेनंतर विमान कंपन्यांनी व सरकारांनी मार्गाच्या उजव्या बाजूने उडण्याचा संकेत ठरविला.

लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० मध्येच एक छोटा मनोरा उभारण्यात आला होता. अमेरिकेत सेंट लूइस येथे १९२९ च्या सुमारास आर्ची लीग हा गृहस्थ धावपट्टीच्या टोकाशी उभा राहून दोन निशाणांनी विमानांना इशारा करी : एक जाण्याचा व दुसरे थांबण्याचा. आपले निशाण, छत्री व खुर्ची तो एका हातगाडीवर घालून नेई. अमेरिकेतील पहिला वाहतूक नियंत्रक म्हणून त्याचाच उल्लेख केला जातो. त्यानंतर मोठ्या विमानतळांचा इतिहास मनोरे, रेडिओ व रडार यांचा इतिहास झाला. लहान विमानतळ मात्र जेथे होते तेथेच राहिले.

भारतातही परिस्थिती वेगळी नव्हती. मुंबईचे जुहू विमानतळ व तेथील बाँबे फ्लाइंग क्लब ही दोन्ही १९२८ मधील. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या विमानात रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून ती सेवा पुण्यास येरवड्याकडे हलवावी लागे. कोल्हापूर संस्थानात छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत ५ जानेवारी १९३९ रोजी विमानतळ सुरू झाला. त्या काळी दोन विमाने एका वेळी एका मैदानावर येण्याचा योगच इतका विरळा होता, की विरळपणा हेच संरक्षण ठरले. कायद्याच्या बाजूने पाहता वायुयान अधिनियम १९३४ व त्याखालील १९३७ चे नियम हे भारतीय विमानवाहतुकीचे अधिष्ठान होते. शिकागो येथे ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना निर्माण झाली. तिच्या दुसऱ्या परिशिष्टातील आकाशनियम भारताने स्वीकारले. १९३४ च्या अधिनियमाची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आहे.

सर्किट : मनोरा नसताना शिस्त राखण्याचे सर्वांत जुने व आजही सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे वैमानिक ज्याला सर्किट म्हणतात तो धावपट्टीभोवतीचा आयताकृती फेरा होय. उड्डाण केलेले विमान वाऱ्याच्या विरुद्ध सरळ चढते, मग काटकोनात वळते, पुन्हा वळून धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाते, धावपट्टीचे टोक मागे पडल्यावर आणखी एक काटकोन घेते आणि शेवटच्या वळणाने धावपट्टीच्या रेषेत येऊन उतरते. वारा पाठीशी असलेल्या समांतर बाजूला अनुवात बाजू, तिच्यानंतरच्या आडव्या बाजूला पाया आणि शेवटच्या टप्प्याला अंतिम मार्ग म्हणता येईल. सर्व वळणे सामान्यतः डावीकडे घेतात. शेजारी शेजारी दोन आसने असलेल्या विमानात मुख्य वैमानिक डावीकडे बसतो, त्यामुळे डाव्या वळणात धावपट्टी त्याच्या नजरेसमोर राहते. जेथे डोंगर, वस्ती किंवा दुसऱ्या विमानतळाची सीमा आड येते तेथे उजवे सर्किट ठरविले जाते. कराडजवळ आगाशिवाचा डोंगर व सदाशिवगड आहेत. अशा प्रदेशात सर्किट कोणत्या बाजूने ठेवावे हा प्रश्न केवळ सवयीचा राहत नाही.

या फेऱ्याचे महत्त्व असे, की त्यामुळे कोठे पाहावे हे कळते. मोकळ्या आकाशात विमान कोणत्याही दिशेने येऊ शकते. सर्किटमध्ये ते चार बाजूंपैकी एकीवर असते. सर्किटची उंची जमिनीपासून सुमारे ३०० मी. ठेवण्याचा प्रघात आहे. बाहेरून येणाऱ्या विमानाने त्यात कसे शिरावे याविषयी देशोदेशी मतभेद आहेत. अमेरिकेत अनुवात बाजूच्या मध्याकडे ४५ अंशांच्या कोनात येऊन मिळतात. ब्रिटनमध्ये प्रथम सर्किटपेक्षा अधिक उंचीवरून विमानतळावर यावे, खालचे वातावरण व खुणा पाहाव्यात, धावपट्टीच्या ज्या बाजूस वाहतूक नसते त्या बाजूस उतरत जावे व मग सर्किटमध्ये मिसळावे अशी रीत आहे. ब्रिटिश रीत वेळखाऊ आहे खरी. परंतु जेथे धावपट्टीवर गुरे किंवा कुत्री नाहीत ना हेही वैमानिकालाच पाहावे लागते, तेथे तिचे शहाणपण पटण्यास वेळ लागत नाही.

खालच्या खुणांपैकी सर्वांत परिचित म्हणजे वाऱ्याने फुगणारी कापडी नळी. तिच्यावरून वाऱ्याची दिशा व अजमासे वेगही कळतो. रेडिओ नसलेल्या विमानांसाठी जमिनीवर चौकोन आखून त्यात खुणा मांडण्याचीही पद्धत आहे. पांढऱ्या रंगाचा इंग्रजी टी ठेवलेला असल्यास त्याच्या उभ्या दांड्याशी समांतर व आडव्या दांड्याच्या दिशेने उतरावयाचे असते. तांबड्या चौकोनावर दोन पिवळे कर्ण असले तर उतरण्यास मनाई आहे असे समजावे. वारा मंद असेल तेव्हा खरी अडचण येते. नळी लोंबत असते, धावपट्टीची दोन्ही टोके सारखीच सोयीची वाटतात आणि दोन वैमानिक दोन टोके निवडतात.

उंचीविषयी एक गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. विमानातील उंचीमापक हा वस्तुतः दाबमापक असतो व त्यावर त्या दिवसाचा, त्या वेळचा दाब लावावा लागतो. मनोरा असेल तर नियंत्रक तो सांगतो. कराडसारख्या ठिकाणी एखादा वैमानिक सकाळी निघताना मिळालेला आकडा दुपारपर्यंत तसाच ठेवण्याचा संभव असतो. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास अधिक व दुपारी चारच्या सुमारास कमी असतो आणि हा फरक रोज तीन ते चार मिलिबार पडतो. एका मिलिबारला सुमारे ९ मी. उंची या हिशेबाने चूक ३० मी. पर्यंत जाते. कराडची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५७० मी.; म्हणून सर्किटमध्ये उंचीमापकाने सुमारे ८७० मी. दाखविले पाहिजे. जुना आकडा ठेवलेला वैमानिक तेवढेच वाचत असताना प्रत्यक्षात शेजाऱ्यापेक्षा खाली उडत असतो. एकट्या विमानाला याने काही होत नाही. आपण दुसऱ्याच्या पुरेसे वर आहोत या समजुतीवर विसंबणाऱ्याला मात्र होऊ शकते.

अग्रक्रमाचे नियम : उतरत असलेल्या विमानाला जमिनीवरील व हवेतील इतर विमानांनी वाट द्यावयाची असते. दोन विमाने उतरण्यासाठी येत असतील तर अधिक उंचीवरील विमानाने खालच्याला वाट द्यावी. परंतु याच नियमाला एक पुरवणी जोडलेली आहे : खालच्या विमानाने या सवलतीचा फायदा घेऊन अंतिम मार्गावरील दुसऱ्या विमानाच्या पुढे घुसू नये. पुढे जाणाऱ्या विमानास मागे टाकताना उजवीकडून जावे. विमान संकटात असेल तर त्याला सर्वांनीच वाट मोकळी करून द्यावी. ही पुरवणी मानवी स्वभाव ओळखून घातलेली आहे. अग्रक्रम असणे आणि तो वसूल करणे यांतील अंतर गळीत हंगामात उसाच्या गाड्यांमागे अडकलेल्या कराड-सांगली भागातील वाहनचालकास वेगळे सांगावयास नको.

दृष्टीच्या मर्यादा : ‘पाहा आणि टाळा’ हे मनोराविरहित विमानतळाचे मूलसूत्र आहे. ते ऐकण्यास सोपे असले, तरी मानवी डोळा त्यासाठी फारसा अनुकूल नाही. टकरीच्या मार्गावर असलेल्या विमानाचे वैशिष्ट्य असे, की ते काचेवरील एकाच जागी स्थिर दिसते. हलणारी वस्तू डोळा चटकन टिपतो. स्थिर ठिपका त्याला काचेवरील डागासारखा वाटतो. तो ठिपका बराच काळ ठिपकाच राहतो व शेवटच्या काही क्षणांत एकाएकी मोठा होतो. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने दुसरे विमान दिसणे, धोका ओळखणे, निर्णय घेणे व विमान प्रत्यक्ष वळणे यांसाठी एकूण १२·५ सेकंद धरले आहेत. ताशी सुमारे १६५ किमी. वेगाची दोन छोटी विमाने समोरासमोर आल्यास तेवढ्या वेळात ती मिळून सुमारे १,१५० मी. अंतर कापतात. दहा मीटर पंखविस्ताराचे विमान या अंतरावरून साधारण पूर्ण चंद्राएवढ्या रुंदीचे दिसते; पण चंद्र भरीव असतो आणि समोरून येणाऱ्या विमानाचे पंख म्हणजे केवळ एक बारीक रेघ असते.

शिवाय प्रत्येक विमानाला आंधळे कोपरे असतात. प्रशिक्षणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेसना विमानांचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतात; त्यामुळे त्याला खालचे चांगले दिसते, पण वरचे दिसत नाही आणि वळताना झुकलेला पंख नेमकी वळणाची बाजू झाकतो. पाइपरसारख्या विमानांचे पंख खाली असतात, त्यांचे नेमके उलट. खाली पंख असलेले विमान वरून उतरत असेल व वर पंख असलेले त्याच्या खाली अंतिम मार्गावर असेल, तर दोघेही सावध असूनही एकमेकांना दिसणार नाहीत. दृष्टीच्या या अडचणीत हवामानाची भर पडते. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या सकाळी नदीवर धुके साचते. गळिताच्या दिवसांत साखर कारखान्यांचा धूर आणि तोडणीनंतर शेतात पेटविलेल्या पाचटाचा धूर खालच्या थरात तरंगत राहतो. धावपट्टी पूर्व-पश्चिम असेल, तर संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उतरणाऱ्याच्या डोळ्यांवर सूर्य येतो. घारी असतात त्या वेगळ्याच.

वेगातील तफावत हा या सर्वांत वाईट भाग होय. समजा, एक विद्यार्थी प्रशिक्षण विमानातून ताशी ११५ किमी. वेगाने येत असून त्याने धावपट्टीपासून २ किमी. अंतरावर शेवटचे वळण घेतले. धावपट्टीवर पोहोचण्यास त्याला साधारण एक मिनिट लागेल. त्याच वेळी ताशी २२० किमी. वेगाने सर्किट न करता सरळ येणारे छोटे जेट विमान ३·८ किमी. दूर असेल, तर दोन्ही एकाच क्षणी धावपट्टीच्या टोकावर पोहोचतील. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते विमान मागे आहे; त्याला ते दिसणे शक्य नाही. जेटच्या वैमानिकाला खालच्या हिरव्या-करड्या शेतांच्या पार्श्वभूमीवर एक छोटे पांढरे विमान शोधावयाचे आहे आणि त्याच वेळी चाके, पंखांचे झडपे व वेग यांकडेही पाहावयाचे आहे. नेत्यांची व उद्योजकांची विमाने आणि विद्यार्थ्यांची विमाने एकच धावपट्टी वापरतात अशा प्रत्येक ठिकाणी हे गणित लागू पडते. कराडला २५ नोव्हेंबर रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या पुण्यतिथीनिमित्त प्रीतिसंगमावर राज्यभरातून नेते येतात, त्यांपैकी काही हवाई मार्गाने. सरळ येण्यास नियमांनी मनाई केलेली नाही. पण सरळ येणाऱ्याने सर्किटमध्ये असलेल्यांच्या मार्गात अडथळा आणू नये अशी अपेक्षा असते. हेलिकॉप्टरांनी विमानांच्या प्रवाहापासून दूर राहावे असाही संकेत आहे.

रेडिओ : दुसऱ्या महायुद्धानंतर छोट्या विमानांतही रेडिओ आले आणि ‘पाहा व टाळा’ याला ‘सांगा व ऐका’ याची जोड मिळाली. मनोराविरहित विमानतळासाठी एक समाईक कंप्रता ठरविलेली असते व तेथे येणारा प्रत्येक वैमानिक आपले स्थान, उंची व हेतू तिच्यावर जाहीर करतो : दहा मैलांवर असताना, सर्किटमध्ये शिरताना, प्रत्येक बाजूवर वळताना व धावपट्टी सोडल्यावर. ऑस्ट्रेलियात वेगळी कंप्रता नेमून दिलेली नसेल तेथे १२६·७ मेगॅहर्ट्झ वापरतात. घोषणेच्या आरंभी व शेवटी विमानतळाचे नाव उच्चारण्याची पद्धत आहे. ही पुनरुक्ती निरर्थक वाटते, पण ती तशी नाही. या लहरी सरळ रेषेत जातात, ३०० मी. उंचीवरील दोन विमानांत मधे डोंगर नसल्यास सुमारे १४० किमी. वरूनही बोलणे ऐकू येऊ शकते. कराड व बारामती यांतील अंतर सुमारे ११५ किमी. आहे. दोन्ही ठिकाणी एकच कंप्रता असेल, तर बारामतीच्या सर्किटमधील घोषणा कराडवर उडणाऱ्यास ऐकू येईल आणि नाव नीट ऐकले नाही तर तो नसलेले विमान शोधू लागेल किंवा असलेल्याकडे दुर्लक्ष करील.

रेडिओने धोका कमी झाला, पण त्याने एक नवी चूकही जन्माला घातली. तिचे विदारक उदाहरण अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील क्विन्सी विमानतळावर १९ नोव्हेंबर १९९६ रोजी घडले. संध्याकाळची वेळ होती. बारा जणांना घेऊन आलेले बीचक्राफ्ट प्रवासी विमान एका धावपट्टीवर उतरत होते. तिला छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाशी किंग एअर जातीचे विमान उभे होते व त्याच्या मागे एक छोटे चेरोकी विमान. प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी आपण उतरत असल्याचे वारंवार जाहीर केले आणि अखेर टोकाशी उभे असलेले विमान थांबणार आहे ना असे विचारले. उत्तर आले ते मागच्या चेरोकीकडून : आपण थांबलो आहोत. त्याच क्षणी प्रवासी विमानातील जमीन जवळ आल्याची सूचना देणारा यांत्रिक आवाज उमटला आणि उत्तराचा खुलासेवार भाग त्यात बुडून गेला. वैमानिकांना वाटले, किंग एअर थांबले आहे. त्या विमानातील कोणी काहीच बोलले नव्हते. धावपट्ट्यांच्या छेदबिंदूपाशी दोन्ही विमाने धडकली. आघातातून प्रवासी वाचण्यासारखे होते. पण दार उघडले नाही, विमानतळावर अग्निशमनाची व्यवस्था नव्हती आणि दोन्ही विमानांतील चौदाही जण आगीत मरण पावले. चौकशीत मुख्य दोष किंग एअरमधील वैमानिकांनी रेडिओ ऐकला नाही व आजूबाजूस पाहिले नाही हा ठरला. चेरोकीच्या अनाठायी उत्तराचाही उल्लेख करण्यात आला.

याच्या बरोबर एक आठवडा आधी, १२ नोव्हेंबर १९९६ रोजी, हरयाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी व कझाकस्तानी विमानांची टक्कर होऊन ३४९ लोक मृत्युमुखी पडले होते. तेथे नियंत्रक होता, त्याच्या सूचनाही योग्य होत्या. कझाकस्तानी विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आले. तेव्हा मनोरा असणे म्हणजे अभय असे समजण्याचे कारण नाही. या अपघातानंतर भारतात मोठ्या विमानांना टक्करप्रतिबंधक उपकरण सक्तीचे झाले. ते उपकरण दुसऱ्या विमानातील ट्रान्सपाँडरने दिलेल्या प्रतिसादावर चालते. ट्रान्सपाँडर नसलेले किंवा बंद ठेवलेले विमान त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते.

अलीकडचे दोन अपघात उल्लेखनीय आहेत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील मँगलोर या गावाजवळ १९ फेब्रुवारी २०२० रोजी दोन दुहेरी एंजिनांची प्रशिक्षण विमाने अनियंत्रित आकाशात धडकून चार जण मरण पावले. दोघांनाही एकमेकांविषयी माहिती देण्यात आली होती. पण अंतर राखण्याचे काम त्यांचेच होते. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे वर दिलेले वेगाचे गणित जसेच्या तसे खरे झाले. सर्किटमध्ये असलेल्या एका सेसना १५२ वर सरळ येणारे सेसना ३४० हे दुहेरी एंजिनाचे विमान मागून आदळले. मागच्याचा वेग ताशी ३०० किमी.हून अधिक होता. दोन्ही वैमानिक एकाच कंप्रतेवर बोलत होते. पुढच्याने मागचे विमान फार वेगाने येत असल्याचे ओळखून आपण न उतरता पुन्हा वर जात असल्याचे जाहीरही केले होते. तिघे मृत्यू पावले. येथे कोणी गप्प नव्हते व कोणी बहिरेही नव्हते. ऐकलेल्या शब्दांवरून दुसऱ्याच्या वेगाचे चित्र मनात उभे राहिले नाही, एवढेच.

नवी साधने : ग्लायडर वैमानिकांसाठी स्वित्झर्लंडमध्ये २००४ मध्ये फ्लार्म हे छोटे इशारायंत्र तयार झाले. ते आपल्या विमानाचा पुढील काही सेकंदांचा मार्ग प्रसारित करते व दुसऱ्याच्या मार्गाशी ताडून पाहते. उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान सतत प्रसारित करणारी एडीएस-बी पद्धती अमेरिकेत व अन्यत्र रूढ झाली असून तिची माहिती साध्या पडद्यावरही पाहता येते. पडदा पाहत राहिल्याने खिडकीबाहेर पाहणे कमी होते, अशी जुन्या प्रशिक्षकांची तक्रार असते व ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. स्वीडनमधील अर्न्शल्ड्सविक या छोट्या विमानतळाची वाहतूक २०१५ पासून दूरवरच्या सुंद्सवाल येथून कॅमेऱ्यांच्या साहाय्याने नियंत्रित होऊ लागली. जेथे दिवसातून मोजकीच विमाने येतात तेथे नियंत्रकांची पूर्ण तुकडी ठेवणे परवडत नाही. एका केंद्रातून अनेक विमानतळ पाहण्याची ही कल्पना त्यातून निघाली. मनोरा आणि काहीच नाही या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक व्यवस्था आहे. तीत जमिनीवरील प्रशिक्षित व्यक्ती वारा, दाब व इतर विमानांची माहिती देते, परंतु आज्ञा देत नाही. प्रशिक्षण आणि अन्य उड्डाणे एकत्र चालणाऱ्या धावपट्ट्यांना खर्चाच्या मानाने हीच सर्वांत उपयुक्त ठरावी असे वाटते. दाबाचा ताजा आकडा आणि धावपट्टीची निवड या दोनच गोष्टी एका तोंडून सर्वांना कळल्या, तरी वर वर्णिलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा घडणार नाहीत.

दरम्यान आकाशात एक नवा वाटेकरी आला आहे. उसावर औषध फवारणारे ड्रोन सांगली-सातारा भागातील शेतांवर दिसू लागले आहेत. ड्रोन नियम २०२१ अन्वये चालू विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किमी. च्या पट्ट्यात विनापरवानगी ६० मी. पर्यंतच व त्यापलीकडे अन्य निर्बंध नसलेल्या प्रदेशात १२० मी. पर्यंत उडण्यास मुभा आहे, ८ किमी. च्या आत ही मोकळीक नाही. फवारणीचा ड्रोन पिकाच्या माथ्यावरून काही मीटरच उंच उडतो. उतरणारे विमान मात्र अंतिम मार्गावर धावपट्टीपासून एक किलोमीटरवर असताना सुमारे ५० मी. उंचीवर असते, आणि कराडला धावपट्टीपासून एक किलोमीटरवर शेतेच आहेत.